वीर महानला बॉल टाकायला कुणी शिकवलं? अमेरिकेतल्या एका कॉलेज टीमच्या कोचांची गोष्ट

डब्ल्यूडब्ल्यूई बघणाऱ्या पोरांना वीर महान सांगायची गरज नाही. कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात रुद्राक्ष, मोकळे सोडलेले केस आणि समोरच्याला उचलून आपटणारा धिप्पाड गडी. वृंदावनात प्रेमानंद महाराजांच्या आश्रमातले त्याचे व्हिडिओही मधी सगळ्यांच्या मोबाईलवर फिरले. त्याचं खरं नाव रिंकू सिंग. (केकेआरकडून खेळतो तो क्रिकेटवाला रिंकू वेगळा, गल्लत करू नका.) हा रिंकू उत्तर प्रदेशातल्या भदोही जिल्ह्यातला. बाप ट्रक ड्रायव्हर, नऊ भावंडं, राहायला एक खोली.

कुस्तीच्या रिंगमध्ये येण्याआधी तो अमेरिकेत बेसबॉल खेळत होता, हे मात्र बऱ्याच जणांना माहीत नसतं. आणि त्याच्याही आधी तो भाला फेकायचा. भाल्यापासून बेसबॉलपर्यंतचं हे अंतर त्यानं काही महिन्यांत कापलं, ते एका कॉलेजच्या मैदानावर, एका कोचच्या हाताखाली. आजचा विषय तो कोच आहे. आणि त्या कॉलेजचे बाकीचे कोचही, कारण त्यांच्या करिअरकडे नीट बघितलं तर आपल्या तालुक्यातल्या आईबापांच्या कामाची एक गोष्ट त्यात आहे.

आधी थोडक्यात प्रसंग. २००७-०८ मध्ये जे. बी. बर्नस्टीन नावाचा अमेरिकन एजंट आणि त्याचे साथीदार भारतात आले. त्यांचा हिशोब सरळ होता. इतका मोठा देश, गल्लोगल्ली पोरं बॉल फेकतात, मग जोरात बॉल फेकणारा एखादा हात इथं सापडायलाच पाहिजे. 'मिलियन डॉलर आर्म' नावाची टीव्हीवरची स्पर्धा घेतली. ३७ हजारांच्या वर पोरांनी बॉल फेकून दाखवला. पहिला आला रिंकू, डावखुरा, बॉलचा वेग ताशी १४० किलोमीटरच्या आसपास. त्याला एक लाख डॉलरचं बक्षीस मिळालं. दुसरा दिनेश पटेल, वाराणसीकडच्या खेड्यातला. दोघंही लखनौच्या गुरु गोविंद सिंग स्पोर्ट्स कॉलेजचे भालाफेकपटू. दोघांनीही जन्मात कधी बेसबॉल खेळला नव्हता. मे २००८ मध्ये त्यांना लॉस एंजेलिसला नेलं आणि युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्निया, म्हणजे यूएससी, या कॉलेजच्या पिचिंग कोचपुढं उभं केलं. कोचचं नाव टॉम हाऊस.

बेसबॉलमध्ये बॉल टाकणं म्हणजे काय

ज्यांनी बेसबॉल बघितला नाही त्यांच्यासाठी सांगतो. बॉल टाकणाऱ्याला पिचर म्हणतात. तो मातीच्या छोट्या उंचवट्यावर उभा राहतो, १० इंच उंच. बॅटवाला त्याच्यापासून ६० फूट ६ इंचांवर, म्हणजे आपल्या २२ यार्डांच्या पिचपेक्षाही जवळ. पिचरला पळत यायची मुभा नाही. जागेवरून पाय उचलायचा, एक लांब टांग टाकायची आणि बॉल सोडायचा. बॉलला टप्पा नसतो, थेट जातो. क्रिकेटमध्ये बॉलरनं कोपर १५ अंशांपेक्षा जास्त सरळ केलं तर ती फेकी बॉलिंग ठरते. इथं उलट आहे, फेकायचाच असतो. बाऊंड्रीवरून फिल्डर विकेटकीपरकडे जसा थ्रो मारतो, तसा थ्रो. फक्त तो एका मॅचमध्ये शंभर-शंभर वेळा आणि ठरलेल्या छोट्याशा चौकोनात मारायचा.

भालाफेकीत काय होतं? लांबून पळत यायचं, पुढचा पाय रोवून अंग थांबवायचं आणि ८०० ग्रॅमचा भाला वर सोडायचा. किती लांब गेला तेवढंच मोजतात, नेम लावायचा नसतो. पिचरचा बॉल १४५ ग्रॅमच्या आसपासचा, तो खाली जायला हवा आणि चौकोनात जायला हवा. वरवर दोन्ही 'फेकणं'च दिसतं, पण अंगाची सवय वेगळी. हे सोपं नाही याचा मोठा पुरावा म्हणजे यान झेलेझ्नी. ९८.४८ मीटरचा विश्वविक्रम असलेला चेक भालाफेकपटू, २०२५ च्या हंगामात आपल्या नीरज चोप्राचा कोच. १९९६ मध्ये अटलांटा ऑलिम्पिकला सुवर्णपदक मिळवल्यावर त्यानं तिथल्या अटलांटा ब्रेव्ह्ज या बेसबॉल टीमकडे चाचणी दिली होती. जगात सगळ्यात लांब भाला फेकणारा हात, पण बेसबॉलपटू काही तो झाला नाही.

मग भदोही आणि वाराणसीच्या दोन पोरांना, ज्यांना इंग्रजी येत नव्हतं आणि ज्यांनी बेसबॉलचा ग्लोव्हही हातात घातला नव्हता, काही महिन्यांत पिचर करायचं म्हणजे कोच कसा पाहिजे?

दोन मॅच खेळलेला माणूस

टॉम हाऊस समजायचे तर त्यांचे गुरू आधी समजले पाहिजेत. त्यांचं नाव रॉड डीडो.

डीडो यांचा जन्म १९१४ चा. यूएससीतच शिकले, तिथंच खेळले. १९३५ मध्ये ब्रुकलिन डॉजर्सकडून मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या सगळ्यात वरच्या लीगमध्ये, खेळायची संधी मिळाली. किती मॅच? दोन. चार वेळा बॅट हातात घेतली, एकदा फटका बसला. पुढं पाठीच्या दुखापतीनं खेळाडू म्हणून करिअरच संपलं. वय एकविशी-बाविशीचं. आपल्याकडं अशा पोराला गावात काय म्हणतील ते तुम्हाला माहीत आहे.

डीडो यांनी ५०० डॉलर घालून ट्रक वाहतुकीचा धंदा सुरू केला. तो चालला, चांगलाच वाढला. १९४२ मध्ये दुसरं महायुद्ध पेटलेलं, यूएससीचे बेसबॉल कोच सॅम बॅरी नौदलात निघाले. हे बॅरी मुळात बास्केटबॉलचे मोठे कोच, बेसबॉलही तेच सांभाळायचे. जाताना त्यांनी सुचवलं की माझ्या जागी माझा जुना विद्यार्थी डीडोला घ्या. बॅरी युद्धावरून परत आल्यावर दोघांनी मिळून टीम सांभाळली आणि १९४८ मध्ये कॉलेजचं पहिलं राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. फायनलला समोर येल विद्यापीठ होतं. त्या टीमचा कॅप्टन होता जॉर्ज बुश, म्हणजे पुढं राष्ट्राध्यक्ष झालेले थोरले बुश. १९५० मध्ये बॅरी वारले आणि टीम पूर्णपणे डीडोंच्या हातात आली.

तात्पुरते म्हणून आलेले डीडो १९८६ पर्यंत राहिले. ४५ हंगाम, १,३३२ विजय, बॅरींसोबतचं धरून ११ राष्ट्रीय विजेतेपदं, त्यातली १९७० ते १९७४ ही सलग पाच. आणि पगार? वर्षाला एक डॉलर. पोटाची सोय ट्रकच्या धंद्यानं केली होती, त्यामुळे मैदानावर ते पैशासाठी नव्हते. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये बेसबॉल प्रदर्शनीय खेळ होता, तेव्हा अमेरिकेच्या टीमचे कोचही तेच होते. त्यांच्या हाताखालून टॉम सीव्हर, रँडी जॉन्सन, फ्रेड लिन, मार्क मॅकग्वायर अशी मंडळी बाहेर पडली. तिकडं ही नावं म्हणजे आपल्याकडचे गावसकर, कपिल.

१९७३ ची एक मॅच सांगतो, नाहीतर डीडोंचं काम कळायचं नाही. राष्ट्रीय स्पर्धेची सेमीफायनल, समोर मिनेसोटा. त्यांचा पिचर डेव्ह विनफिल्ड अफाट खेळत होता. शेवटच्या, म्हणजे नवव्या डावाला यूएससी शून्यावर, मिनेसोटा सात. बेसबॉलमध्ये सात धावांची आघाडी शेवटच्या डावात म्हणजे क्रिकेटमध्ये शेवटच्या ओव्हरला चाळीस धावा हव्यात असं समजा. यूएससीनं त्या एका डावात आठ धावा काढल्या आणि मॅच ८-७ नं जिंकली. पुढं फायनलही जिंकली.

डीडोंचा भर एका गोष्टीवर असायचा. हातून बॉल सुटला, फटका चुकला, तर ते खेळात चालायचंच. पण डोकं वापरलं नाही म्हणून झालेली चूक त्यांना खपायची नाही. बॉल कुठं येणार, आला तर मी काय करणार, हे बॉल यायच्या आधी ठरलेलं असलं पाहिजे. स्वतः दोन मॅचचे खेळाडू असल्यामुळे असेल कदाचित, पण अंगातल्या ताकदीवर त्यांचा फार विश्वास नव्हता असं मला वाटतं. शिकवता येतं त्यावर जास्त होता.

सोळा वर्षं खेळलेला माणूस

डीडोंच्या जागी आले माइक गिलेस्पी. हेही डीडोंचेच शिष्य, १९६१ च्या विजेत्या टीममधले. पण थेट मोठ्या खुर्चीवर बसले नाहीत. आधी कॉलेज ऑफ द कॅनियन्स नावाच्या दोन वर्षांच्या छोट्या कॉलेजात पंधरा-सोळा वर्षं टीम घडवली, तिला तीनदा राज्य विजेतं केलं आणि मग १९८७ च्या हंगामापासून यूएससीचे कोच झाले. १९९८ ला त्यांनीही राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं, ॲरिझोना स्टेटला २१-१४ नं हरवून. खेळाडू म्हणूनही आणि कोच म्हणूनही हे विजेतेपद मिळवणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच.

गिलेस्पींनंतर २००७ च्या हंगामापासून त्यांचेच जावई चॅड क्रूटर मुख्य कोच झाले. खेळाडू म्हणून क्रूटर या सगळ्यांत सरस. मेजर लीगमध्ये १६ हंगाम खेळलेले, तेही विकेटकीपरच्या जागी, ज्याला तिकडं कॅचर म्हणतात. पण चार हंगामांत टीमला राष्ट्रीय स्पर्धेचं तिकीट एकदाही मिळालं नाही आणि २०१० मध्ये त्यांना जावं लागलं.

आता दोन मॅचवाल्यानं ११ विजेतेपदं मिळवली आणि १६ वर्षंवाल्याला काहीच जमलं नाही, असं म्हणून टाळी घेणं सोपं आहे. पण ते पूर्ण खरं नाही. काळ बदलला होता. तिथल्या नियमाप्रमाणे एका कॉलेजला बेसबॉलसाठी फक्त ११.७ पूर्ण शिष्यवृत्त्या वाटता यायच्या, आणि त्या वीस-पंचवीस पोरांत तुकडे करून वाटाव्या लागायच्या. हा नियम अगदी अलीकडं, २०२५ मध्ये गेला. यूएससी खाजगी विद्यापीठ, फी प्रचंड. सरकारी विद्यापीठात तेवढीच शिष्यवृत्ती घेतली की पोराचं भागतं, इथं बापाला कर्ज काढावं लागतं. चांगली पोरं दुसरीकडं जायला लागली होती. त्यामुळं सगळं खापर कोचवर फोडता येत नाही. एवढं मात्र नक्की म्हणता येतं, की मोठं खेळून आला म्हणजे शिकवता येतंच असं नाही. मैदान गाजवणं वेगळं आणि दुसऱ्याच्या हातून गाजवून घेणं वेगळं. चांगलं पीक काढणाऱ्या शेतकऱ्याला कृषी सहायक करा, दर वेळी जमेलच असं नाही, तसंच.

पण जाता जाता क्रूटर यांच्या काळात एक गोष्ट झाली. २००८ च्या हंगामात पिचिंग कोच म्हणून टॉम हाऊस आपल्या जुन्या कॉलेजात परतले होते. रिंकू आणि दिनेश तिथं पोहोचले ते यामुळंच.

टॉम हाऊस

हाऊस १९४७ सालचे. डीडोंच्या हाताखाली यूएससीत पिचर होते. १९६७ मध्ये अटलांटा ब्रेव्ह्जनं निवडलं, १९७१ ते १९७८ मेजर लीगमध्ये खेळले. २९ मॅच जिंकल्या, २३ हरल्या. म्हणजे बरे होते, थोर नव्हते. त्यांचा बॉल मेजर लीगच्या मानानं हळूच जायचा.

त्यांच्या खेळण्यातली सगळ्यात प्रसिद्ध गोष्ट त्यांच्या खेळण्याचीच नाही. ८ एप्रिल १९७४, अटलांटा. हँक आरन या काळ्या खेळाडूनं ७१५ वा होमरन मारला आणि बेब रूथचा अनेक दशकांचा विक्रम मोडला. वर्णद्वेषी लोकांकडून आरनला तेव्हा धमक्यांची पत्रं येत होती. तो ऐतिहासिक बॉल मैदानाबाहेर गेला, तो राखीव पिचर सराव करतात त्या जागेत. तिथं उभ्या असलेल्या टॉम हाऊसच्या हातात अलगद पडला. हाऊस तो बॉल घेऊन पळत सुटले आणि गर्दीतून वाट काढत आरनच्या हातात नेऊन दिला. अमेरिकेत बऱ्याच लोकांना हाऊस खेळाडू म्हणून आठवतात ते या कॅचसाठी.

खेळणं संपल्यावर त्यांनी मानसशास्त्रात डॉक्टरेट केली. १९८५ ते १९९२ टेक्सास रेंजर्स या टीमचे पिचिंग कोच होते. तिथं त्यांनी जे सुरू केलं त्यावर जुने जाणते लोक हसायचे. बेसबॉलच्या पिचरांना ते अमेरिकन फुटबॉलचा, म्हणजे त्या लांबट अंड्यासारख्या आकाराच्या बॉलचा थ्रो मारायला लावायचे. कारण असं की तो बॉल हातातून नीट सुटला तरच भोवऱ्यासारखा सरळ फिरत जातो. हात चुकला तर हवेत डगमगतो. कोचला ओरडायची गरजच नाही, बॉलच सांगतो की चुकलास. वेगवान कॅमेऱ्यानं पिचरचं चित्रण करून कॉम्प्युटरवर एकेक सांधा तपासायचं कामही ते मोबाईल कुणाच्या खिशात नव्हता तेव्हापासून करत होते.

दुसरा त्यांचा मुद्दा आपल्याला चटकन कळण्यासारखा आहे. हात जितक्या जोरात पुढं जातो, तितक्याच जोरात तो थांबवावाही लागतो. बॉल सुटून जातो, हात कुठं जाणार? तो थांबवायचं काम खांद्याच्या मागच्या बाजूचे बारीक स्नायू करतात. ते कच्चे असले की एकतर खांदा जातो, नाहीतर शरीर स्वतःच वेग कमी करतं. भरलेल्या ट्रॉलीला ब्रेक चांगले नसतील तर ट्रॅक्टर कितीही दमाचा असो, उतारावर तुम्ही तो हळूच चालवणार. तसं आहे हे. म्हणून हाऊस पुढच्या छाती-दंडापेक्षा मागच्या स्नायूंवर जास्त मेहनत घेतात. बॉलऐवजी हातात टॉवेल धरून थ्रोची नक्कल करायची, हा त्यांचा सराव आज अमेरिकेत शाळेतली पोरंही करतात. खांद्यावर झटका नाही आणि खर्चही नाही.

याचा परिणाम काय झाला? नोलन रायन नावाचा दिग्गज पिचर १९८९ मध्ये रेंजर्समध्ये आला तेव्हा वय ४२. १ मे १९९१ ला, ४४ व्या वर्षी, त्यानं कारकिर्दीतली सातवी 'नो-हिटर' टाकली, म्हणजे अख्ख्या मॅचमध्ये समोरच्या टीमला एकही धड फटका मारू दिला नाही. सात वेळा असं दुसऱ्या कुणालाच जमलेलं नाही.

आणि रँडी जॉन्सनचं. जॉन्सन यूएससीचाच, डीडोंच्या शेवटच्या शिष्यांपैकी. उंची सहा फूट दहा इंच, बॉल गोळीसारखा, पण जाईल कुठं याचा भरवसा नाही. मेजर लीगमध्ये तो समोरच्या, सिॲटलच्या टीममध्ये होता. १९९२ मध्ये रायन आणि हाऊस या दोघांनी त्याच्याशी बोलून एक चूक दाखवली. बॉल टाकताना पुढचा पाय टाचेवर पडतो, त्यामुळं अंग बाजूला झुकतं आणि बॉल भरकटतो. पाय चवड्यावर टाक. बस, एवढंच. पुढं जॉन्सननं पाच वेळा वर्षातल्या सर्वोत्तम पिचरचा मान मिळवला, ३०३ मॅच जिंकल्या. एवढ्या मोठ्या बदलाचं सगळं श्रेय एका टाचेला देता येणार नाही, पण तिथून तो सुधारला हे जॉन्सनही सांगतो. विरोधी टीमच्या खेळाडूला हे सांगितलं, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

हाऊस काही संत नाहीत. सत्तरच्या दशकात आपण स्टेरॉइड घेतले होते, हे त्यांनी २००५ मध्ये उघडपणे कबूल केलं. त्या काळात इतर पिचरही घ्यायचे हेही सांगितलं. आपल्याकडं जिममध्ये डब्यातली पावडर आणि इंजेक्शनं विकणाऱ्यांनी आणि घेणाऱ्यांनी हे वाचावं म्हणून मुद्दाम लिहिलं.

आता पुन्हा आपल्या दोन पोरांकडे. मे महिन्यात आलेल्या रिंकू-दिनेशला हाऊस यांनी त्यांचा थ्रो मोडून नवा बसवला. पळत न येता ताकद पायातून आणि कमरेतून कशी काढायची, पाय कुठं पडला पाहिजे, बॉल कुठं सोडायचा. भाषेची अडचण होती, पण पाय कुठं पडला हे दाखवायला इंग्रजी लागत नाही. नोव्हेंबरात ॲरिझोनामध्ये मेजर लीगच्या निवडकर्त्यांपुढं त्यांची चाचणी झाली आणि २४ नोव्हेंबर २००८ ला पिट्सबर्ग पायरेट्स या टीमनं दोघांशी करार केला. अमेरिकेतल्या मोठ्या व्यावसायिक टीमशी असा करार करणारे भारतातले ते पहिले दोघं. १३ जुलै २००९ ला खालच्या लीगमधली एक मॅच रिंकूच्या नावावर जिंकली म्हणून नोंदली गेली.

पुढं मेजर लीगपर्यंत दोघांपैकी कुणीच पोचलं नाही. दिनेशला २०१० च्या शेवटी टीमनं सोडलं. तो भारतात परतला आणि पुन्हा भाल्याकडं वळला. रिंकू टिकला, पण दुखापतींनी त्याचे हंगामच्या हंगाम खाल्ले आणि २०१८ मध्ये तो कुस्तीत गेला. २०१४ मध्ये डिस्नेनं या सगळ्यावर 'मिलियन डॉलर आर्म' सिनेमा काढला, ए. आर. रहमानचं संगीत आहे. त्यात टॉम हाऊसचं काम बिल पॅक्स्टननं केलंय.

फुकट राबणारे कोच, आणि २० तासांचा नियम

तिकडं सगळं सोन्याचं आहे असंही नाही. एका कॉलेज टीमला मुख्य कोच, पिचिंग कोच, बॅटिंग बघणारा कोच आणि कोणती पोरं घ्यायची ते गावोगाव फिरून बघणारा कोच अशी माणसं लागतात. पण कॉलेज खेळांची तिथली सर्वोच्च संस्था एनसीएए हिचा नियम २०२३ पर्यंत असा होता की मुख्य कोच सोडून पगारी सहायक दोनच. तिसरा 'स्वयंसेवक', म्हणजे बिनपगारी. काम मात्र पूर्ण वेळ. उन्हाळी शिबिरं घेऊन, खाजगी शिकवणी करून हे लोक पोट भरायचे. जुलै २०२३ पासून तिसऱ्यालाही पगार देता येतो. डीडो एक डॉलरवर काम करायचे कारण मागं ट्रकचा धंदा होता. ज्याच्या मागं काहीच नाही, त्याचं फुकट राबणं ही हौस नसते.

दुसरा नियम मात्र घेण्यासारखा आहे. हंगामात कॉलेजच्या खेळाडूकडून कोचला आठवड्याला २० तास आणि दिवसाला ४ तासांपेक्षा जास्त सराव करून घेता येत नाही. कारण ते आधी विद्यार्थी आहेत. २०१३ मध्ये यूएससीनं आपल्या त्यावेळच्या मुख्य कोचला याच नियमावरून काढून टाकलं, हंगाम तोंडावर आलेला असताना. आपल्याकडं कोचनं जास्त वेळ राबवून घेतलं तर आईबाप खूश होतात.

सध्याचे यूएससीचे मुख्य कोच अँडी स्टँकिविक्झ. २०२२ च्या जुलैमध्ये आले. यांकीज टीमनं १९८६ मध्ये निवडलं, पण सहा वर्षं खालच्या लीगमध्ये घासल्यावर १९९२ मध्ये, २७ व्या वर्षी मेजर लीग दिसली. खेळणं संपल्यावर यांकीजच्या खालच्या टीमला सांभाळलं, मग ग्रँड कॅनियन विद्यापीठात दहा वर्षांच्या वर राहून दुसऱ्या दर्जाच्या गटातली टीम पहिल्या दर्जात नेली. म्हणजे पुन्हा तोच वाण, खालून वर आलेला.

आपल्याकडं

एक गोष्ट लक्षात घ्या. वर लिहिलेलं सगळं, कोण कुठं शिकलं, कुणाच्या हाताखाली खेळलं, किती जिंकलं, किती हरलं, ही तिकडं गुपितं नाहीत. कॉलेज स्वतःच प्रत्येक कोचची अशी माहिती जाहीर करतं. आईबाप ती वाचतात आणि मग पोराला पाठवतात.

आपल्या तालुक्यांत आता पोलीस भरती आणि खेळाच्या खाजगी अकॅडम्या जागोजाग झाल्यात. राहणं-जेवण धरून वर्षाला मोठी रक्कम जाते, कुणी म्हैस विकून भरतं, कुणी ऊसबिलातून. भरतीला १६०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक असते. गोळा फेकून फेकून खांदा धरून बसलेली पोरं मी भरतीच्या मैदानावर बघितलीत. त्यांना विचारलं की मागच्या स्नायूंचा कोणता व्यायाम करतोस, तर तोंडाकडं बघतात. त्यांची चूक नाही, कुणी सांगितलंच नाही.

आपल्या देशात कोचचं रीतसर शिक्षण मिळतं. पटियाळाची नेताजी सुभाष राष्ट्रीय क्रीडा संस्था, जिला सगळे एनआयएस म्हणतात, तिचा डिप्लोमा हा त्यातला ओळखीचा. बीपीएड, एमपीएड हे शारीरिक शिक्षणाचे कोर्स, तेही चांगले, पण एका खेळाचा कोच होणं वेगळं. फी भरायच्या आधी विचारायला काय हरकत आहे, की सर तुम्ही कुठं शिकलात, कोणता खेळ खेळलात, तुमची जुनी पोरं आज कुठं आहेत आणि त्यांच्यातली दुखापत होऊन घरी बसलेली किती? शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, आणि त्याचं उत्तर त्या जुन्या पोरांकडूनच मिळेल, सरांकडून नाही. हातात प्रमाणपत्र नाही म्हणून एखाद्या तालमीतल्या जुन्या वस्तादाला कमी लेखू नका, डीडोंकडं तरी कुठं होतं. पण त्याच्या हाताखालची पोरं आज काय करतात ते बघा.

बाजाराच्या दिवशी एका अकॅडमीचा फ्लेक्स वाचत उभा राहिलो. वर नेत्यांचे फोटो, खाली संस्थापकांचे, बाजूला भरती झालेल्या पोरांचे, काही वर्दीत. कोचचं नाव कुठंच नव्हतं. खालच्या नंबरवर फोन लावला आणि विचारलं, "साहेब, शिकवणारे सर कोण?" पलीकडून एक पोरगं म्हणालं, "काका, आधी ॲडमिशन घ्या, बॅच सुरू झाल्यावर सर ठरतील."